पाहुण्याचा धर्म

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील सू-मेग स्टेट पार्कमध्ये तंबू ठोकायचा, तर जागा सहा महिने आधीपासून आरक्षित करता येते. पैसे भरले की दोन रात्री ती जागा आपली. खरंच आपली होते?

ही युरोक या आदिवासी लोकांच्या पूर्वजांची भूमी. रेडवूडच्या फळ्यांची घरं असलेलं त्यांचं पारंपरिक गाव उद्यानात १९९० साली पुन्हा उभं राहिलं. उद्यानाला मात्र पॅट्रिक बीगन या वसाहतकाराचं नाव होतं आणि त्याच्यावर तर अनेक आदिवासींच्या हत्येचे आरोप होते. अखेर २०२१ मध्ये राज्याच्या उद्यान आयोगानं मूळ युरोक नाव परत दिलं.

सकाळी जमिनीवर पाऊल टेकवण्याआधी धरणीची क्षमा मागण्याचा आपला संस्कार इथे नेमका लागू पडतो. त्यात मालकीचा दावा नाही, जबाबदारी आहे. अन्न अस्वलांच्या हाती लागू न देणं, शेकोटी पूर्ण विझवणं हे त्या क्षमायाचनेचंच आचरण होय.

म्हणून तयारीच्या यादीत तंबू, स्लीपिंग बॅग आणि धुक्यासाठी गरम कपडे लिहिताना त्या गावासाठी एक सकाळही राखून ठेवावी. तिथे युरोकांचा एखादा विधी चालू असेल, तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.