आपल्याच मुलाविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका




दप्तर धुवायला काढताना आतल्या कप्प्यात कागदाची एक पुडी सापडते. त्यात वाळलेला हिरवट पाला, उग्र वासाचा. मुलगा अकरावीत आहे. डोळे लाल होतात ते मोबाईलमुळे, खोलीत अगरबत्ती जळते ती डासांसाठी, फज्रला उठवत नाही ते रात्रीच्या अभ्यासामुळे, अशी आपण इतके दिवस स्वतःचीच समजूत घालत होतो. आई पुडी मुठीत धरून मोरीत उभी राहते. तिच्या मनात पहिला विचार येतो तो मुलाचा नव्हे: हे याच्या अब्बांना कळले तर? आणि दुसरा: मोहल्ल्यात कळले तर?

त्या क्षणी आणि त्यानंतरच्या काही दिवसांत आई-वडील जे बोलतात व करतात, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. म्हणून त्याविषयीच बोलू.

धर्माज्ञेबाबत संदेह नाही, हे आधी स्पष्ट करतो. मुलगा विचारील की कुरआनमध्ये गांजाचे नाव कुठे आहे? तो हेही म्हणेल की ही तर वनस्पती आहे. द्राक्षे आणि खजूरही वनस्पतीच आहेत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी वस्तूचे नाव नव्हे तर परिणाम हा निकष ठरवून दिला: जे जे नशा आणते ते सर्व मद्याच्या व्याख्येत येते आणि ते निषिद्ध आहे. पुढे मुस्लिम समाजात भांग-चरसचे व्यसन पसरले तेव्हा विद्वानांनी हाच निकष लावला. इमाम इब्ने तैमिया (मृत्यू हिजरी ७२८, इ.स. १३२८) यांनी ते निःसंदिग्ध शब्दांत हराम ठरविले. एवढे सांगणे पुरेसे आहे. बहुतेक मुलांना हे ठाऊक असते, म्हणूनच ती पुडी लपवतात. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच, की हे उघडकीस आल्यावर या घरात आपल्याला जागा उरेल की नाही.

सहीह बुखारीत आदरणीय उमर (र.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते. आपल्या गमतीदार वागण्याने ते पैगंबरांना हसवीत. परंतु मद्याची सवय त्यांना सुटत नव्हती. त्याबद्दल त्यांना शिक्षाही झाली होती. एकदा पुन्हा त्यांना आणले गेले आणि शिक्षा झाली, तेव्हा कोणीतरी वैतागून त्यांना शाप दिला की, किती वेळा याला आणावे लागते! पैगंबरांनी त्याला अडविले. त्याला शाप देऊ नका, तो अल्लाहवर आणि त्याच्या पैगंबरावर प्रेम करतो, असे त्यांनी सांगितले. आदरणीय अबू हुरैरा (र.) यांच्याकडून आलेल्या अशाच एका प्रसंगात पैगंबरांनी त्याचे कारणही सांगितले आहे: असे बोलून त्याच्याविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका.

काही जण या हदीसचा अर्थ सवलत असा लावतात. तो तसा नाही. शिक्षा झाली, कृत्याला वाईटच म्हटले गेले. पण त्या माणसाच्या अंतःकरणात जे चांगले शिल्लक होते ते सर्वांसमक्ष बोलून दाखविले गेले. आपल्याकडे नेमके उलट घडते. "तू आमच्या तोंडाला काळे फासलेस, आजपासून तू माझा मुलगा नाहीस," असे म्हणून वडील पट्टा काढतात. रात्री अकरा वाजता सोळा वर्षांचे पोर चपला घालून बाहेर पडते. ते जाणार कुठे? ज्या कट्ट्यावर त्याला पहिला झुरका मिळाला तिथेच. तिथे त्याला कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी हाकलत नाही. सैतानाला याहून मोठे साहाय्य कोणते?

आदरणीय याकूब (अ.) यांच्या घरी काय घडले ते आठवा. मुलांनी यूसुफला विहिरीत टाकले आणि सदऱ्यावर खोटे रक्त लावून आणले. पित्याने ते खोटे ओळखले आणि ओळखल्याचे तोंडावर सांगितलेही. मात्र त्यांना घरातून काढले नाही. दुःखाने डोळे गेले, तरीही वर्षानुवर्षांनंतर त्याच मुलांना "माझ्या मुलांनो" अशी हाक मारून यूसुफचा शोध घ्यायला त्यांनी पाठविले. शेवटी त्याच मुलांनी येऊन अपराध कबूल केला आणि आमच्यासाठी क्षमा मागा, अशी विनवणी केली. कबुली देण्यासाठी त्यांच्याजवळ पित्याचे दार होते.

तेव्हा नशेत असलेल्या मुलाशी त्या रात्री वाद घालू नका. त्याला जेवू घाला, झोपू द्या. आधी आई-वडिलांनी एकमेकांशी बोलून एकमत करावे. आईने वडिलांपासून लपवायचे आणि मुलाने त्याचा फायदा घ्यायचा, हे घरोघरी चालते. दुसऱ्याचे दोष झाकण्याची शिकवण चव्हाट्यावरच्या बदनामीपासून वाचविण्यासाठी आहे, उपचारापासून वाचविण्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा: केव्हापासून, किती वेळा, कोणासोबत, पैसे कुठून आले? आणि सर्वांत महत्त्वाचे, यातून तुला काय मिळते? उत्तर ऐकून घ्यायला धीर लागतो. कोणाला झोप येत नसते, कोणी नापास होण्याच्या भीतीने खचलेला असतो, कोणाला वर्गात रोज हिणवले जात असते. त्यानंतर मर्यादा ठामपणे सांगा: घरात हे चालणार नाही, हातात रोख पैसे मिळणार नाहीत, त्या मित्रांकडे जाणे बंद. मर्यादा आणि माया एकाच तोंडून आल्या पाहिजेत.

या वयात मेंदूची वाढ पूर्ण झालेली नसते. ती विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. गांजाने स्मरण व एकाग्रता उणावते. काही मुलांना भास होऊ लागतात, संशय येऊ लागतो. घराण्यात कोणाला मानसिक आजार असेल तर हा धोका अधिक असतो. नियमित ओढणाऱ्याने सोडले की एक-दोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणे सुरू होते. पहिला आठवडा कठीण जातो, पुढे ते हळूहळू ओसरते. त्या आठवड्यातील उद्धटपणाला आजाराचे लक्षण समजा.

उपचार घेण्याची आज्ञा स्वतः पैगंबरांनी दिली आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याने दुआ कमी पडत नाही. शासनाच्या व्यसनमुक्ती साहाय्यवाणीचा निःशुल्क क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे केंद्र कार्यरत आहे. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ कुटुंबे गप्प राहतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढूनही घेतले जाते.

नातेवाईक दोन सल्ले हमखास देतात. पहिला, थोडा मोठा झाला की लग्न लावून द्या, सुधारेल. म्हणजे आपले ओझे एका परक्या मुलीच्या माथी, तेही तिला न सांगता. हा निव्वळ विश्वासघात आहे. दुसरा सल्ला विशेषतः आपल्या कोकणात ऐकू येतो: आखातात मामाकडे पाठवा. तिथे अमली पदार्थांचे कायदे किती कडक आहेत, हे सल्ला देणाऱ्या मामालाच विचारावे.

आणि महिना-दोन महिन्यांनी, सर्व सुरळीत चालले आहे असे वाटत असताना, एखाद्या संध्याकाळी तोच वास पुन्हा येईल. त्या दिवशी अब्दुल्लाह यांची ती हदीस पुन्हा वाचा. ते पहिल्यांदा आणले गेले नव्हते, किती वेळा आणावे लागते, असे वैतागून म्हणण्याइतक्या वेळा आणले गेले होते. पैगंबरांनी त्यांच्या प्रेमाची साक्ष दिली ती त्या दिवशी. डॉक्टरांना दूरध्वनी करा, रात्री ताटे मांडताना त्याचेही ताट मांडा आणि इशानंतर दुआसाठी हात उचलाल तेव्हा त्याचे नाव आधी घ्या.