इनास

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलीला पुत्र झाला. स्नानसंस्काराचा दिवस ठरला आणि घरात नावाची चर्चा सुरू झाली. एके संध्याकाळी ती मोठ्या उत्साहाने म्हणाली, "बाबा, नाव ठरलं. इनास! लहानसं आहे, नवीन आहे आणि आपल्यात कुणाचंच नाही." आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. इनास हे तिच्या आजोबांचे नाव. ते तिला ठाऊक नव्हते, आणि हा दोष सर्वस्वी आमचा होता.

वसईवर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांचा अंमल होता. त्यांच्याकडून आलेली नावे आमच्या वाडवडिलांनी आपल्या जिभेला रुचतील अशी घडवून घेतली. दोमिंगोसचा दुमिंग झाला, पेद्रोचा पेद्रू, सेबास्तियांवचा बस्त्याव आणि इनासियुचा इनास. हौसेने निवडण्याचा प्रश्न तेव्हा फारसा येत नसे. पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास जन्मला तो पास्कू, नाताळात जन्मली ती नातालिन. एरवी त्या दिवसाचा संत होताच, नाहीतर आजोबा होते. १९१७ च्या धर्मसंहितेत तर असे सांगितले होते, की आईबापांनी संताचे नाव ठेवले नाही तर धर्मगुरूने ते जोडावे आणि नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत. १९८३ च्या संहितेने ही सक्ती सैल केली. नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे, एवढीच आता अपेक्षा आहे.

पुढे इंग्रजी शाळा आल्या आणि दुमिंगचा डॉमिनिक झाला, पेद्रूचा पीटर. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर प्रकाश, आनंद, संदेश आले. त्यांचे आम्ही मनापासून स्वागत केले. आईबापांच्या नावांतील अक्षरे जुळवून केलेल्या अलीकडच्या नावांविषयी मात्र मौन पाळणे बरे! पण पहिल्या बदलाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. दुमिंग आणि डॉमिनिक यांचा संत एकच. मग टाकून दिले ते काय? आम्हांला वाटते, त्या उच्चाराला चिकटलेली माती टाकली. दुमिंग म्हटले की पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला जाणारा माणूस डोळ्यांसमोर येई. डॉमिनिक कचेरीत जाई.

आम्ही शाळेत असताना गुरुजींनी वडिलांचे नाव विचारले, तेव्हा आम्ही "इग्नेशियस" असे सांगितले. वडील दाराशीच उभे होते, पायांना बागेतला चिखल होता. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर सर्व कागदांवर तेच नाव गेले. ते वारले तेव्हा कबरीवरच्या शिळेवरही आम्ही तेच कोरून घेतले. मुलीने आजोबांना पाहिले नाही, शिळा तेवढी पाहिली.

टाकलेली नावे परत येतात काय? येतात. अमेरिकेत बालकांच्या नावांच्या सरकारी याद्या १८८० पासूनच्या उपलब्ध आहेत. त्या पहिल्या यादीत मुलींच्या नावांत एमा तिसरी होती. १९७० नंतरच्या दशकात ते नाव पार मागे पडले, आजीबाईंचे ठरले. आणि २००८ साली ते पहिल्या क्रमांकावर आले. २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षेही ते पहिलेच होते. याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. आईबापांच्या पिढीचे नाव शिळे वाटते, आजीआजोबांचे जुनाट; कारण त्या नावाला सुरकुत्या असतात, खोकला असतो, काठी असते. त्या माणसांना पाहिलेले कोणी उरले नाही की नाव धुऊन निघते आणि कोरे वाटू लागते. म्हणजे फॅशनने नाव परत यायचे, तर ते ज्याचे होते त्याला आधी विसरावे लागते. आमच्या घरात हे काम आम्ही जरा लवकर उरकले होते.

दुसऱ्या रीतीनेही नाव परत येते. १९५८ साली कार्डिनल रोंकाल्ली यांची पोपपदी निवड झाली, तेव्हा त्यांनी जॉन हे नाव घेतले. बाविसावे जॉन १३३४ साली निवर्तले होते. मधल्या सहा शतकांत कोणाही पोपने ते नाव धारण केले नव्हते. हे आपल्या वडिलांचे नाव आहे आणि ज्या साध्या चर्चमध्ये आपला स्नानसंस्कार झाला त्या चर्चचेही आहे, असे त्यांनी कारण दिले. वडील शेतकरी होते. सगळे कार्डिनल समोर असताना या गृहस्थाला आपल्या बापाची आठवण झाली! आम्हांला शाळेच्या दारात ते जमले नाही.

अर्थात वाडवडिलांचेच नाव ठेवावे, असा आमचा आग्रह नाही. शुभवर्तमानात शेजारीपाजारी जखऱ्याच्या बाळाला बापाचेच नाव देऊ पाहत होते. योहान हे नाव तुमच्या नात्यात कोणाचेच नाही, अशी त्यांची तक्रार होती. तरी जखऱ्याने पाटीवर योहान असेच लिहिले, आणि त्याची जीभ मोकळी झाली. शिवाय ज्या लोयोलाच्या संतावरून आमच्याकडे इनास आले, त्यांचे स्नानसंस्काराचे नाव इनिगो होते; इग्नातियुस हे त्यांनी मागाहून घेतले. नाव बदलणे पाप असते, तर त्यांचीही पंचाईत झाली असती. त्यांनी ते कोणाला लाजून बदलले नव्हते, एवढा फरक आम्हांला दिसतो.

मुलीला आम्ही सारे सांगितले. शाळेचे दार, चिखल, शिळा. आता ती नाव बदलील असे आम्हांला वाटले होते, कारण 'नवीन' आणि 'कुणाचंच नाही' ही दोन्ही कारणे गेली होती. तिने बदलले नाही. मात्र ते उच्चारताना तिचा आवाज पूर्वीसारखा सहज राहिला नाही.

बाळाचा स्नानसंस्कार इनास या नावाने झाला. २ नोव्हेंबरच्या आधी कबरी साफ करायला गेलो, तेव्हा शिळेचे काम करणाऱ्या कारागिराला आम्ही सोबत नेले. जुने अक्षर घासून तिथेच नवे कोरायचे, की जुने ठेवून खाली जोडायचे, असे त्याने विचारले. मुलगी म्हणते, दोन्ही राहू द्यावीत. आम्ही त्याला दोन दिवसांनी यायला सांगितले आहे.