स्वामित्व, चाकरी आणि नाकारण्याचा अधिकार

पदवी हाती आलेल्या तरुणाने पोलीस भरती, तलाठी भरती वा स्पर्धा परीक्षांच्या तयारीत आणखी काही वर्षे घालवावीत की कर्ज काढून स्वतःचा धंदा उभारावा, हा बुलढाणा जिल्ह्यातील अनेक घरांत आज विचारला जाणारा प्रश्न बहुधा उत्पन्न, जोखीम आणि भांडवल यांच्या हिशेबातच सोडवला जातो. आणि शेती मुख्यतः कोरडवाहू, उद्योग मोजके व शासकीय जागा तुटपुंज्या असलेल्या प्रदेशात तो हिशेब टाळताही येत नाही. परंतु त्या हिशेबाच्या तळाशी असलेला प्रश्न धर्माचा आहे: माणसाच्या श्रमावर दुसऱ्या माणसाची सत्ता कोठवर न्याय्य ठरते, आणि त्या सत्तेतून सुटू पाहणारा मनुष्य स्वतः मालक होतो तेव्हा त्याच्यावर कोणते ऋण येते? धर्म हा शब्द येथे उपासनापद्धतीपुरता मर्यादित नसून, व्यक्तीचे आचरण आणि समाजाची धारणा यांना जोडणारे कर्तव्य या व्यापक अर्थाने घेतला आहे.

या विषयावरील एक अत्यंत कठोर प्राचीन विधान मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आढळते. ब्राह्मणाने कशावर जगावे हे सांगताना तेथे उपजीविकेचे प्रकार नावानिशी मांडले आहेत: कापणीनंतर शेतात उरलेले दाणे व कणसे वेचून जगणे हे ऋत, न मागता मिळालेले अमृत, मागून मिळवलेले मृत, शेती ही प्रमृत, तर व्यापार हा सत्य आणि असत्य यांची सरमिसळ असल्याने सत्यानृत, दुसऱ्याच्या चाकरीला मात्र श्ववृत्ती, म्हणजे कुत्र्याचे जिणे, असे म्हणून ती सर्वस्वी वर्ज्य ठरवली आहे. हे विधान स्वाभिमानाचे म्हणून उद्धृत करण्याची प्रथा आहे; परंतु जी चाकरी एका वर्णाला कुत्र्याचे जिणे म्हणून निषिद्ध ठरते तीच त्याच ग्रंथात शूद्राचा धर्म म्हणून विहित केली जाते, आणि त्यामुळे या निषेधामागे श्रमाच्या स्वातंत्र्याचे कोणतेही सार्वत्रिक तत्त्व उभे राहत नाही. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी या म्हणीतही तोच दोष सौम्य रूपाने उतरला आहे. ती व्यवसायांची उतरंड लावते, पण कोणत्या व्यवसायात कोण कोणत्या अटींवर उभा आहे हे विचारत नाही. पंतप्रधानांनी २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. जमिनीचा सातबारा स्वतःच्या नावावर असूनही कापसाचा भाव ज्याच्या हाती नाही, अशा शेतकऱ्याला केवळ मालक असल्यामुळे स्वतंत्र म्हणता येत नाही.

म्हणून या प्रश्नाचा विचार ग्रंथांतील वर्गवारीपेक्षा या जिल्ह्याशी परंपरेने जोडल्या गेलेल्या एका जीवनापासून सुरू करणे अधिक उचित ठरते. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाते. गावगाड्यात, म्हणजे शेतकरी आणि त्याला वर्षभर सेवा पुरवून सुगीत धान्याचा वाटा घेणारे बलुतेदार यांच्या व्यवस्थेत, महारांकडे मेलेली गुरे ओढण्यापासून निरोप पोहोचवण्यापर्यंतची कामे जन्मानेच येत असत आणि ती नाकारण्याची मुभा नसे. चोखोबांचा अंतही अशाच श्रमात झाला: १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्यात कुसवाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. चोखोबांच्या भक्तीला वारकरी परंपरेने संतत्वाचा मान दिला, पण ज्या वेठीने त्यांचा जीव घेतला ती वेठ त्यानंतरही शतकानुशतके चालू राहिली. स्वकर्म हीच ईश्वराची पूजा, हा ज्ञानेश्वरांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावर भाष्य करताना मांडलेला विचार सावता माळ्यांच्या मळ्याला आणि गोरा कुंभारांच्या चाकाला सहज लागू पडतो. चोखोबांच्या बाबतीत मात्र तो अडखळतो, कारण जे कर्म माथी मारले गेले आहे त्याला स्वकर्म म्हणणे म्हणजे अन्यायावर पूजेचे फूल वाहणे होय. चोखोबांचे पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत या हीन ठरवलेल्या जिण्याबद्दल देवालाच जाब विचारलेला आहे, आणि धर्मविचाराच्या दृष्टीने तो जाब अनेक भाष्यांहून मोलाचा आहे.

याच जिल्ह्यातील शेगाव या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. गजानन महाराज १८७८ मध्ये जेथे प्रकट झाले आणि १९१० मध्ये समाधिस्थ झाले, तेथील संस्थानात सेवाधारी आपापल्या पाळीप्रमाणे येऊन विनामूल्य सेवा करतात. घरी ज्यांना स्वतःची दुकाने, शेती वा नोकऱ्या आहेत अशी माणसे तेथे झाडलोट करण्यात, पंगतीत वाढण्यात आणि भाविकांच्या रांगा लावण्यात धन्यता मानतात, आणि ही धन्यता खरी असते. झाडू तोच, वाकणेही तेच. तरी शेगावच्या सेवेकऱ्याला या कामाने मान मिळतो आणि गावगाड्यातील माणसाला त्याच कामाने हीन ठरवले गेले. भेद कामात नाही आणि मोबदल्यातही नाही, कारण सेवेकरी तर काहीच घेत नाही. तो स्वतःहून आलेला असतो आणि पाळी संपली की घरी परततो, एवढाच भेद आहे. आणि उपजीविकेची नैतिक कसोटी लावायची तर ती याच ठिकाणी लावावी लागेल.

ही कसोटी हाती घेतली की नोकरीविषयीचा तुच्छतावाद टिकत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत ग्रामसेवेच्या, नावाखाली राबणूक सोसली, त्यांच्यासाठी ठरलेले वेतन, लिहिलेले नियम आणि राजीनामा देण्याचा अधिकार असलेली सरकारी नोकरी हीच मुक्तीची वाट ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल सुचवणारे विधेयक मांडले ते याच जाणिवेतून; आणि शिक्षणाबरोबर शासकीय सेवेतील प्रतिनिधित्वाचा त्यांनी धरलेला आग्रह केवळ पोटापाण्यासाठी नव्हता. अशा घरातील आई आज मुलाने नोकरीच धरावी असे म्हणते तेव्हा तिच्या आग्रहाला धाडसाचा अभाव मानणे अज्ञानाचे ठरेल.

तरीही काही प्रसंगी मुक्तीची वाट नोकरी सोडण्यातून गेली आहे, आणि महाराष्ट्रातील त्याचे लखलखीत उदाहरण कोल्हापूरचे आहे. दरबारी नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा करण्यास उत्तेजन दिले. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले. या घटनेकडे राजाच्या औदार्याची कथा म्हणून पाहिले जाते, परंतु तिचा अधिक खोल अर्थ असा की धंदा केवळ भांडवलावर चालत नाही, तर तो गिऱ्हाइकाच्या संमतीवर चालतो, आणि ती संमती समाज जात पाहून देतो वा नाकारतो. चहा उत्तम असूनही कोणी तो पिणार नसेल तर मालकी कागदावरच राहते, हे जाणून महाराजांनी रकमेबरोबर आपली उपस्थितीही दिली. कर्ज मिळण्याच्या सोयी आज पुष्कळ वाढल्या आहेत. बुलढाण्यातच १९८६ मध्ये सुरू झालेली अर्बन पतसंस्था मोठ्या विस्ताराला पोहोचली आहे. परंतु गावातील कोणत्या हातचे खाद्यपदार्थ कोण विकत घेतो, हा प्रश्न कर्जाच्या अर्जात विचारला जात नाही.

यानंतर मालकाच्या कर्तव्याचा विचार येतो, आणि स्वतंत्र व्यवसायाची भलामण करणारे येथेच सहसा थांबतात. महात्मा फुले यांच्या पहिल्या चरित्रकारांपैकी असलेले पंढरीनाथ पाटील हे याच जिल्ह्याचे. त्यांचा चरित्रग्रंथ १९२७ मधला. ज्या जोतीरावांचे ते चरित्र आहे ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे भागीदार होते, आणि त्यांच्याच सत्यशोधक चळवळीतून आलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारून पुढे १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. मालकी मिळवणे आणि मजुराचा हक्क मागणे ही दोन्ही कामे एकाच चळवळीत सामावली गेली, ही गोष्ट मराठी उद्योगविचारात पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली नाही. बौद्ध परंपरेत हा विचार अधिक नेमका आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीव, म्हणजे निर्दोष उपजीविका, या अंगाचा विस्तार करताना शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. आणि सिगालोवाद सुत्तात धन्याने सेवकाच्या शक्तीप्रमाणे काम नेमावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि वेळेवर सुटी द्यावी, अशी पाच कर्तव्ये मोजून दिली आहेत. खामगावच्या जिनिंगमध्ये हंगामापुरता येणारा मजूर किंवा मलकापूरच्या दुकानात बारा तास उभा राहणारा पोऱ्या यांच्याकडे या पाच कर्तव्यांच्या नजरेने पाहिले, तर नोकरीच्या जाचातून सुटलेल्या नव्या मालकाने तोच जाच दुसऱ्याच्या माथी मारला की नाही, हे लगेच उमगते.

सर्वांत कमी विचार होतो तो घरातल्या श्रमांचा. ग्रामसेवेचा बोजा नाव पुरुषाचे असूनही साऱ्या कुटुंबावर पडत असे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा यांच्या नावे अभंग उपलब्ध असणे हे त्या घरातील स्त्रियांना स्वतःचा आवाज असल्याची साक्ष देते. आज किराणा, खानावळ, शिलाई वा दुग्धव्यवसाय एकाच्या नावावर नोंदला जातो, नफ्यातोट्याचा ताळेबंद त्याच्याच नावाने होतो, आणि पहाटेपासून राबणाऱ्या पत्नीचे वेतन त्या ताळेबंदात कोठेही दाखवलेले नसते, कारण ती नोकरही मानली जात नाही आणि भागीदारही नाही. तिला काम नाकारता येते का, हा प्रश्न धंदा सुरू करण्याचे ठरवताना, कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी, त्या घरात तिच्यासमक्ष विचारला गेला पाहिजे.