चीक, खरवस आणि सोवळे

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्या मुलखाची बागायत उभी राहिली, त्या बारामती-इंदापूर तालुक्यांत गाय व्याली की तिच्या चिकाचा गूळ-वेलदोडा घातलेला खरवस शेजारीपाजारी वाटावा, आणि घरात सून बाळंत झाली की तिचा चीक मात्र अशुद्ध ठरवून पिळून टाकावा व अर्भकाच्या ओठांना मधाचे बोट लावावे, ही विसंगती कित्येक घरांना पिढ्यान्‌पिढ्या खटकली नाही. (त्या मधातच बॉटुलिझमचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला तो वर्ज्य सांगतात.) हे केवळ अज्ञान म्हणून निकालात काढणे सोपे, मला त्यात शुद्धतेची एक मीमांसाच दिसते. जे स्पर्शापासून आणि परक्या जिवापासून अलिप्त ते शुद्ध, हा तिचा सिद्धांत. आणि सोयरातले दहा दिवस हे तिचेच फर्मान.

हाच सिद्धांत आज डेअरीच्या संकलन केंद्रावर निराळ्या वेषात नांदतो : जंतू जितके कमी तितके दूध चांगले. शेकडो गोठ्यांचे दूध एका टाकीत पडायचे असता या हिशेबाला कोणाची हरकत नसावी. शीवच्या रुग्णालयात १९८९ साली निघालेल्या दुग्धपेढीतही परक्या मातेचे दूध तापवूनच देतात, आणि ते योग्यच आहे.

स्वतःच्या मातेच्या दुधाचा जमाखर्च मात्र या खतावणीत बसत नाही. तेही निर्जंतुक असते अशी वैद्यकाची दीर्घकाळ समजूत होती. २००३ साली स्पेनमधील संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधात दुग्धाम्ल निर्माण करणारे जिवाणू दाखविले. ते मातेच्या आतड्यातून येतात, त्वचेवरून येतात, की बाळाच्याच मुखातून मागे जातात, हा कज्जा अद्याप मिटलेला नाही. त्याहून विस्मयकारक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल या दुधात ज्या जटिल शर्करा असतात, त्या अर्भकाला पचतच नाहीत. त्या मोठ्या आतड्यात उतरून, टिसिए याने १८९९ साली पॅरिसमध्ये अर्भकांच्या मळात शोधलेल्या बिफिडोबॅक्टेरियमचे अन्न होतात, आणि ते जिवाणू आम्ल निर्माण करून रोगजंतूंना तेथे सहसा थारा देत नाहीत. म्हणजे प्रसूतीने क्षीण झालेली माता आपल्या रक्तमांसातून परक्या जिवांच्या मुखीही घास घालते. गृहस्थाने जेवणापूर्वी भूतमात्रांसाठी अन्न काढून ठेवावे असा जो वैश्वदेवाचा विधी, तो येथे देह मंत्रावाचून पार पाडतो.

मग त्या पाळण्यात जीव एक म्हणावा की अनेक? अद्वैती म्हणेल, देहातल्या गर्दीशी आत्म्याला काय कर्तव्य? मान्य, पण मग देहाच्या सोवळ्याशी तरी त्याला काय कर्तव्य होते? आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला, भीमा-नीरेच्या संगमावरील नरसिंहपूरचा नृसिंह ज्यांचे कुलदैवत, त्यांना तर या मिश्रतेची भीती वाटण्याचे कारणच नव्हते, कारण जो धड नर नव्हे की पशू नव्हे, घरात नव्हे की बाहेर नव्हे, अशाच देवाला ते सोवळे नेसून पूजीत आले आहेत.