कोणी कोणाकडे पाहायचं?

औषधाच्या दुकानात बिल करताना काउंटरवरचा मुलगा मान वर न करता विचारतो, ‘मोबाइल नंबर?’ रांगेतला प्रत्येक जण तो सांगून टाकतो. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, गरोदरपणाच्या चाचणीचं किट, सगळं त्या दहा आकड्यांच्या नावावर जमा होत जातं. कंपनीला कळलं तर फार तर जाहिराती येतील, सरकारला कळलं तर पंचाईत, असं काही जण म्हणतात. सरकार निदान निवडणुकीत बदलता तरी येतं, कंपनीला कोण बदलणार, असं दुसरे विचारतात. मला हा वादच फसवा वाटतो, कारण माहितीचा साठा एकदा तयार झाला की तो एकाच्याच ताब्यात राहत नाही.

अमेरिकेत हे घडून गेलं आहे. माणूस कित्येक दिवस कुठे कुठे फिरला याची मोबाइल कंपनीकडची नोंद हवी असेल, तर पोलिसांनी वॉरंट आणावं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात बजावलं. तरीही ॲपमधून गोळा झालेली तशाच प्रकारची माहिती सरकारी यंत्रणा दलालांकडून विकत घेत राहिल्या. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या गुप्तचर विभागाच्या अहवालातच अशा खरेदीची कबुली आहे. ज्यासाठी न्यायाधीशापुढे उभं राहायला हवं होतं, ते पैसे मोजून मिळालं.

आपल्याकडे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. कंपनीने संमती घ्यावी, माहितीची काळजी घ्यावी, नाहीतर अडीचशे कोटींपर्यंत दंड. हे चांगलंच आहे. पण त्याच कायद्याच्या सतराव्या कलमानुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून मोकळं करू शकतं. फोन टॅपिंगचंही तसंच. आदेश गृहसचिवाचा आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश त्यात कुठेच नाही.

मला सर्वांत जास्त खुपतं ते याच कायद्याचं चव्वेचाळिसावं कलम. त्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी एखाद्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असेल, तर ती मागता येत असे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढं म्हटलं की नकार देता येतो. व्यापक जनहिताचं वेगळं कलम शिल्लक आहे हे खरं, पण ते सिद्ध करत अपिलांच्या पायऱ्या चढायच्या त्या अर्जदारानेच.

मुंबईत कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीतल्या फ्लॅटवाटपाचं प्रकरण आठवा. माहिती अधिकारातून मिळालेल्या कागदांचा ते उघड होण्यात मोठा वाटा होता, आणि प्रश्नाचं मूळ होतं ते सभासदांच्या नावांमध्ये: कोणाच्या नातेवाइकाला फ्लॅट मिळाला? आज एखादा माहिती अधिकारी ती यादी ‘वैयक्तिक’ म्हणून सहज अडवू शकेल. माझ्या औषधांची यादी मात्र विकली जाऊ शकते, मागवली जाऊ शकते. खासगीपणा दुबळ्याला कवच म्हणून मागितला होता. तो खुर्चीवर बसलेल्याला मिळाला. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्येच माहिती अधिकाराचा कायदा करून घेतला, त्याच्या आमदार-खासदारांनी ८(१)(जे)चे जुने शब्द परत मागायला हवेत, आणि पाळतीच्या प्रत्येक आदेशावर न्यायाधीशाची सहीही.