ऋण कुणाचे, फेड कुणाला

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांविषयी बोलताना ‘संस्कार’ हा शब्द इतक्या वेळा येतो, की त्याच्या मागे उभा असलेला, त्याहून जुना आणि जड असा एक शब्द दिसेनासा होतो. तो शब्द म्हणजे ऋण. न्यू जर्सीतली एखादी आई ‘मुलांवर संस्कार राहिले पाहिजेत’ असे म्हणते, तेव्हा तिच्या मनात खरे तर एवढेच असते, की आम्हांला जे मिळाले ते आमच्यापाशी येऊन थांबू नये. आणि ही तळमळ शिस्तीची कमी, देण्याघेण्याची अधिक आहे. म्हणून आज संस्कार थोडे बाजूला ठेवू आणि ऋणापाशी बसू.

तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत, ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यांत माणसांचे चौथे ऋण मिळवते, आणि जो कोणी जन्माला आला तो ऋणासकटच आला, असे म्हणून ही गोष्ट एका वर्णापुरती न ठेवता मोकळी करते. ही गणती आपण पुष्कळदा ऐकलेली असते, पण तिच्यातल्या फेडीकडे सहसा लक्ष जात नाही, आणि मर्म तर तिथेच आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, म्हणजे ज्याने शिकवले त्याच्या हाती काही परत येत नाही, जगात शिकलेला एक जण तेवढा वाढतो. पितरांचे ऋण संततीने फिटते, म्हणजे मागे गेलेल्यांचे देणे पुढून येणाऱ्याच्या ओंजळीत पडते. माणसांचे ऋण आल्यागेल्याला आसरा आणि अन्न देऊन फिटते, आणि तो आलागेला बहुधा आपल्याला कधी काहीच न दिलेला असतो. सावकाराचे कर्ज ज्याचे त्याला परत जाते आणि तिथे हिशेब मिटतो. या ऋणात धनको एक आणि फेड घेणारा दुसराच, आणि म्हणून ते फिटता फिटता नवे नाते जोडून जाते. शेजारणीकडून आणलेले विरजण कुणी परत करीत नाही. आपले दही लागले की त्यातले चमचाभर तिसऱ्या घरी जाते.

आता हे ऋण परदेशातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत कोणत्या रूपात पोचते ते पाहू. बहुतेक घरांत ते एका वाक्यातून पोचते: ‘आम्ही तुझ्यासाठी इथे आलो.’ हे वाक्य बोलणाऱ्याला प्रेमाचे वाटते, पण ऐकणाऱ्याच्या कानी ते कर्जरोख्यासारखे पडते, ज्यावर सही त्याने केलेली नाही आणि ज्याचे हप्ते मात्र त्याने भरायचे आहेत, कधी गुणांनी, कधी भरतनाट्यमच्या अरंगेत्रमने, कधी डॉक्टरकीच्या प्रवेशाने, आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर न जाऊन. मुलगा चिडतो, दार लावून घेतो, आणि आपण म्हणतो की याला कशाची जाणीव नाही. मला वाटते त्याची जाणीव शाबूत आहे. आपणच त्याच्यापुढे ऋण म्हणून सावकारी ठेवली, आणि सावकारीवर चिडणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. शिवाय ते वाक्य पुरते खरेही नसते. आपण नोकरीसाठी गेलो, विद्येसाठी गेलो, जग पाहण्याच्या हौसेने गेलो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ते मुलाच्या नावावर मांडण्याचे मात्र कारण नव्हते.

ऋणाचा दुसरा पदर याहून नाजूक आहे. त्या मुलाचे धनको कोण, याची आपण केलेली यादी अर्धीच असते. आजी-आजोबा, कुलदैवत, शिवराय, ज्ञानोबा-तुकोबा, पुरणपोळी, मातृभाषा, ही यादी आपण गणपतीच्या दहा दिवसांत आणि रविवारच्या मराठी शाळेत त्याला पाठ करून देतो, आणि ती दिलीच पाहिजे. पण बर्फात पहाटे रस्ता मोकळा करणारा कामगार, हवी ती पुस्तके फुकट देणारे गावाचे ग्रंथालय, तो वर्गात गप्प बसू लागला तेव्हा त्याला बाजूला घेऊन विचारणारी शिक्षिका, यांची नावे आपल्या यादीत नसतात. मुलाच्या मनात ती असतात. दोन संस्कृतींत ओढला जातो असे आपण ज्याला म्हणतो, ते कितीदा तरी एवढेच असते, की तो दोन घरांचा ऋणको आहे आणि त्यातल्या एकाच घराचे नाव घेण्याची त्याला घरी मुभा आहे.

या यादीत आणखी एक नाव हवे, आणि ते मुलांना ठाऊक असते, आपल्याला नसते. अमेरिकेत १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते. १९४६ मध्ये ते दार किलकिले झाले, तरी भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा होत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी ज्या कायद्यावर सही केली, त्याने जन्मदेशावरून माणसे मोजण्याची ती जुनी पद्धत मोडली, आणि मग आपले डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक तिकडे जाऊ शकले, त्यांची मंडळे झाली, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. हा कायदा आकाशातून पडला नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ज्या लाटेने आणला, तिनेच हाही आणला. आणि ती लाट कृष्णवर्णीयांनी काठ्या, कुत्रे आणि तुरुंग सोसून उठवली होती. दर फेब्रुवारीत त्या मुलांच्या शाळेत हा इतिहास शिकवला जातो. मुलगी तो घेऊन घरी येते, आणि जेवणाच्या टेबलावर तिला ऐकू येते, ‘त्याचे आपल्याला काय?’ त्या क्षणी त्या घरात ऋण जाणणारी व्यक्ती एकच असते, आणि ती सर्वांत लहान असते.

तिला आपण हेही सांगू शकलो असतो, की १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या वास्तूत, राहिले होते. गांधींचे घेतलेले त्यांनी गांधींना परत केले नाही. ते अलाबामात आणि मिसिसिपीत फेडले, आणि त्या फेडीतून पुढे आपल्या पोरांना व्हिसा मिळाला. ऋणाची वाट अशी असते. तिला समुद्र आडवा येत नाही.

देवऋणाचे तरी वेगळे काय आहे? हे एक ऋण तेवढे थेट धनकोला, यज्ञाने फेडायचे, आणि म्हणून अनेकांना वाटते की निदान देव तरी मुलाने फक्त आपल्याकडचेच मानावेत. पण आपल्या पूजेचा आरंभच पाहा. संकल्प सोडताना काळ सांगावा लागतो आणि देशही सांगावा लागतो. गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत ते सांगितल्याशिवाय पूजा पुढे सरकत नाही. अमेरिकेतले अनेक गुरुजी तिथे जंबुद्वीप आणि भरतवर्ष न म्हणता क्रौंचद्वीप म्हणतात. कुणी याला पळवाट म्हणेल. मला त्यात परंपरेचा प्रामाणिकपणा दिसतो. जिथे उभा आहेस तिथले नाव घे, ज्या नदीचे पाणी कलशात आहे तिला ओळख, आणि मग देवापुढे बस. डेलावेअरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाचे देवऋण डेलावेअरपाशीही आहे, आणि हे कबूल करायला त्याला आपला गणपती सोडावा लागत नाही.

इथे दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. आई-वडिलांच्या व्हिसाच्या आधाराने तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिकडे गेलेल्या मुलाचा तो आधार २१ वर्षांचा होताच सुटतो. आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे, की कित्येक मुले रांगेत असतानाच एकविशी ओलांडतात आणि ज्या गावात दात पडले, त्या गावात परकी ठरतात. सुट्टीत पुण्याला आली, की चुलतभाऊ ‘अमेरिकन’ म्हणून हाक मारतात. रूथ यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात अशांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीतली मुले’ ही संज्ञा दिली, आणि गंमत अशी, की ती त्यांना सुचली भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. दोन्ही घरे हात झटकतात तेव्हा ऋण उरते का? उरते, असे मी म्हणेन. धनकोने ओळख दिली नाही म्हणून घेतलेले काही खोटे होत नाही. पण त्या वयात हे पेलणे सोपे नाही, आणि ज्यांना ते पेलत नाही त्यांना कृतघ्न म्हणू नये.

एडिसनमधल्या एका औषधाच्या दुकानात मी असा एक नातू पाहिला. आजी सहा महिन्यांसाठी आलेली, रक्तदाबाची गोळी बदललेली, आणि फार्मासिस्ट बाई काय म्हणते ते हा पंधरा वर्षांचा पोरगा आजीला समजावीत होता. ‘उपाशीपोटी’ हा शब्द त्याला येत नव्हता. तो थांबला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘आजी, जेव्हा पोट काहीच नाही आहे, तेव्हा.’ आजी हसली नाही. तिने त्याचेच वाक्य त्याच्यापुढे म्हणून दाखवले, बरोबर ना, असे विचारले, आणि मग तोच फार्मासिस्टकडे वळून आजीच्या वतीने चार प्रश्न विचारू लागला. व्याकरण मोडके होते, उच्चार परके होते, पण पितरांचे आणि माणसांचे अशी दोन ऋणे तिथे काउंटरपाशी उभ्या उभ्या फिटत होती. मराठी शाळेच्या परीक्षेत त्या वाक्याला कदाचित शून्य गुण मिळाले असते.

ज्ञानदेवांचे वयही हेच होते, हे आपण विसरतो. परंपरेने दिलेली वर्षे धरली, तर जन्म १२७५ चा आणि नेवाशाची ज्ञानेश्वरी १२९० ची. संन्याशाची मुले म्हणून चारही भावंडे ना इकडची ना तिकडची झालेली, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिलेली, आणि त्यातल्या या मुलाने संस्कृतातले घेतलेले संस्कृतवाल्यांना परत न करता ज्यांना ते कधीच मिळाले नव्हते त्यांच्या बोलीत फेडले. ज्या समाजाने दारे लावली त्याच्याविषयी कडवटपणाचा एक शब्द नाही, आणि शेवटचे मागणे साऱ्या विश्वासाठी. दोन भाषांच्या मधे उभे राहिल्याने माणूस उणा होतो असे ज्याला वाटते, त्याने हे उदाहरण पुन्हा एकदा नीट पाहावे.

तेव्हा परदेशातल्या आई-बापांना माझी विनंती आहे. येत्या फेब्रुवारीत मुलगी शाळेतला तो इतिहास घेऊन घरी येईल, तेव्हा हातातला फोन खाली ठेवून तिच्यासमोर बसा. तिला तो मराठीत सांगायला लावा, आणि जिथे शब्द अडेल तिथे तेवढा एक शब्द पुरवा.