बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

चितेगाव पैठण रस्त्यावर आहे. कारखान्यांच्या पाळ्या याच रस्त्यावर सुटतात आणि नाथषष्ठीच्या दिंड्याही इथूनच जातात. पाळीवरून परतताना मी आत्याकडे थांबलो.

“आत्या, गळ्यातला क्रूस काढून ठेवू का?”

“का रे? कंपनीत कुणी काही बोललं?”

“कुणी नाही. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, रविवारची उपासना चुकत नाही, नाताळात घरावर तारा लागतो. पण प्रभूचा आनंद म्हणतात, तो आत काही उमटत नाही. मग गळ्यात हे मिरवणं खोटं वाटतं.”

“पंडिता रमाबाईंचं असंच झालं होतं. 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी तिथल्या मठातल्या भगिनींशी वाद घातला, की अक्षरं हवीच असतील तर माझ्या देशाच्या संस्कृतात का नकोत?”

“म्हणजे त्यांनाही खूण खटकली.”

“खटकली. पण त्या वादातूनही आनंद मिळाला नाही, हे बघ. आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम नावाच्या पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. तो कधीचा दीक्षा घेतलेला, लोकांना उपदेश करणारा. 1851 मध्ये स्वतःचाच उपदेश चालू असताना त्याचं मन पालटलं. ते वाचताना रमाबाईंना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिलाय. आपल्या साक्षीत त्यांनी ते लिहून ठेवलंय.”

रमाबाईंच्या पांडित्यापेक्षा मला हे लिहिणं मोठं वाटतं. त्यांच्या बाप्तिस्म्यावरून महाराष्ट्रात केवढं काहूर उठलं होतं! तेवढ्यानं आपलं मन भरलं नव्हतं, असं कबूल करणं म्हणजे टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत देणं होतं. त्यांनी ते दिलं.

“मग काढतोच क्रूस.”

“घालण्यात आनंद नव्हता, तो काढण्यात कुठून येईल? तू अजून गळ्याकडेच बघतोयस.”

“दार लावून गुप्तपणे प्रार्थना कर, असं प्रभूनंच सांगितलंय ना?”

“त्याच डोंगरावरच्या प्रवचनात दिवा मापाखाली ठेवू नका, असंही आहे. आणि तो दिवा म्हणजे क्रूस नव्हे, चांगली कामं, तिथंच म्हटलंय. रमाबाईंनी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली केडगावला आणल्या. दाराआडच्या प्रार्थनेचा उजेड तिथं पडला.”

“मग उपासना, प्रभुभोजन, सगळं सोडलं तरी चालेल?”

आत्या जरा चिडलीच. “एकनाथांची गोष्ट ऐकलीस ना? काशीचं पाणी रामेश्वराला न्यायचं, ते त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. गोष्ट सांगणारे गाढवापाशी येऊन थांबतात. अरे, खांद्यावर कावड होती म्हणून पाजायला पाणी होतं! नारायण वामन टिळकांची भजनं, रविवारचं वचन, ही आपली कावड. ती देवळात नेऊन ठेवली की काम झालं, असं मात्र समजू नये.”

मला पटलं, तरी एक अडचण उरलीच. कावड वाहणाऱ्यालाच ती रिकामी वाटत असेल तर?

तसं विचारलं, तर ती म्हणाली, “शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी बोलणं टाकलंयस. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, हेही त्याच प्रवचनात आहे. आज दार लावशील तेव्हा आधी त्याचं नाव घे. क्रुसाचं नंतर बघू.”

“आणि त्यानंही आनंद नाही झाला तर?”

“न होईना. भावाशी बोलणं तर सुरू होईल.”